नकाशातली टेकडी

पातं बासष्ट मीटरचं.
मी त्याचे तीस तुकडे करते, स्क्रीनवर,
बुंध्यापासून टोकापर्यंत,
आणि धरून चालते की एका तुकड्याला
शेजारच्या तुकड्याचं काही कळत नाही.
हे खोटं आहे, सगळ्यांना माहीत आहे,
तरी उत्तर जवळपास बरोबर येतं.
ब्लाइथमधली आमची गल्लीही अशीच,
भिंतीला भिंत,
आणि सोळा नंबरात कोण वारलं
ते मला बाहेर न आलेल्या कचऱ्याच्या डब्यावरून कळलं.

वारा पात्याला लागायच्या आधीच मंदावतो.
लांबूनच. घरात कुणी रागावलेलं असलं
की उंबऱ्याबाहेरच पाऊल हळू पडतं, तसा.
किती मंदावतो, ते आधी अंदाजानं ठरवायचं,
त्यावरून बळ काढायचं, बळावरून पुन्हा मंदावणं,
दोन्ही आकडे एकमेकांना पटेपर्यंत.
बहुधा नवव्या फेरीत पटतात.
कधी पटतच नाहीत, मग खिडकीत
नुसतं लिहून येतं : आकडा नाही.

आई फोनवर विचारते, नक्की करतेस काय गं?
वाऱ्याची मोट बांधते, मी म्हणते.
ती म्हणते, पगार वेळेवर देतात ना?

तीन नंबरच्या टर्बाइनचं मात्र जमेना.
बुंध्याशी वाकवणारा जोर, मोजलेला,
माझ्या आकड्याहून अकरा टक्के जास्त.
रोज नाही. फक्त वारा नैर्ऋत्येचा असला की.
मी जमिनीचा खरखरीतपणा वाढवला,
चक्राचं तोंड दोन अंशांनी वळवलं,
शेवटी सेन्सरला शिव्या दिल्या.

सेन्सर डेरिक स्ट्रॉननं चिकटवलेले,
पात्याच्या पोकळ बुंध्यात शिरून,
टॉर्च दातांत धरून, हातमोजे काढून,
कारण हातमोज्याला गोंद वाळल्याचं कळत नाही.
‘ते माझे आहेत, पेट,’ तो म्हणाला.
पेट तो सगळ्यांनाच म्हणतो,
स्वतःच्या कुत्र्याला सोडून.

मग माझ्या खांद्यावरून त्यानं पाहिलं.
चहाचा मग खाली ठेवला नाही.
‘ही टेकडी कसली?’
भूभाग. एक्केचाळीस मीटर. नैर्ऋत्येला.
‘ती नाहीये.’

खाणीचा ढिगारा होता तो.
त्याच्या बापानं आणि आणखी चारेकशे जणांनी
जमिनीखालून काढलेला, कोळसा नसलेला दगड,
एकतीस वर्षं, डब्यामागून डबा.
डेरिक लहानपणी पत्र्यावर बसून घसरायचा त्यावरून.
खाण बंद झाली. पुढे एका उन्हाळ्यात
पिवळ्या गाड्या आल्या, सपाट केलं, गवत पेरलं.
नकाशा त्याआधीचा.
कुणी तपासला नाही. मीही नाही.

म्हणजे माझ्या गणितात इतके महिने
पातं नसलेल्या आडोशाला उभं होतं
आणि खरं पातं
उघड्यावर.

टेकडी निवडली. एक बटण.
रेषा मोजलेल्या ठिपक्यांवर येऊन बसली,
अगदीच नाही, दोन टक्के उरलेच,
ते कुणाचे, अजून ठाऊक नाही.
मी खूश. खुर्ची फिरवली तर
डेरिक अजून तिथेच, चहा निवलेला.
‘गेली?’
गेली.
‘परत आणता येते?’

आणली. हिरवट करडी, जाळीची,
कुणी कधी न चढलेली वाटावी अशी.
त्यानं डाव्या उतारावर बोट टेकवलं.
‘पत्रा इथून सुटायचा.’
काचेवर गोंदाचा ठसा राहिला.
मग म्हणाला, ‘काढ आता. पातं तुटेल.’

संध्याकाळी दोन फायली ठेवल्या.
एक पात्यासाठी.
दुसरीला नाव सुचेना,
तारीख घातली.